मातीचें स्तोत्र आणि मल्लाचें चरित्र

आमच्या मराठवाड्यांत एखाद्या पहिलवानानें मोठी कुस्ती मारली, कीं चार दिवसांत सत्काराचा मांडव उभा राहतो. आणि त्या मांडवांत जीं भाषणें होतात त्यांचा सारांश तीं होण्यापूर्वींच सांगतां येतो. "हा या मातीचा गुण आहे!" वक्ता कोणत्याही पक्षाचा असो, साखर कारखान्याचा असो कीं शिक्षणसंस्थेचा, त्याच्या भाषणांत माती येतेच. माती बिचारी बोलत नाहीं, म्हणून तिच्या नांवावर कांहींही खपवितां येतें. मल्लाच्या आईनें दूध विकावयाचें बंद करून तें किती वर्षें मुलाला पाजलें, बापानें कोणतें शेत गहाण टाकलें, वस्तादानें पहाटे चारला उठून किती हिवाळे काढले, याचा जमाखर्च मांडण्यापेक्षां सगळें श्रेय मातीच्या पदरांत टाकून मोकळें होणें फार सोपें. मातीचें देणें कोणालाच फेडावें लागत नाहीं. हें मातीचें स्तोत्र खोटें आहे, आणि नुसतें खोटें नव्हे तर आपमतलबी आहे, असें मला या लेखांत दाखवावयाचें आहे. कोणाला तें झोंबलें तर त्याला माझा इलाज नाहीं.

मी ज्या शिरूर अनंतपाळाहून हें लिहीत आहें, तें तालुक्याचें ठाणें होऊन अजून तीस वर्षेंही पुरीं झालीं नाहींत. शेजारच्या निलंगा तालुक्यांत रामलिंग मुदगड नांवाचें एक खेडें आहे. तेथें १९५० सालीं हरिश्चंद्र माधवराव बिराजदार यांचा जन्म झाला. निजामाची राजवट संपून तेव्हां दोन वर्षेंही उलटलीं नव्हतीं. लातूर जिल्हा तर अस्तित्वांतच नव्हता. तो १९८२ च्या ऑगस्टांत उस्मानाबादेंतून वेगळा निघाला. तिकडे कोल्हापुरांत राजर्षि शाहूमहाराजांनीं मल्लांना पोसलें, तालमी उभारल्या, १९१२ सालीं खासबागेचें मैदान बांधून पुरें केलें. राजाच कुस्तीचा शौकी असल्यामुळें तेथें एका पिढीच्या खांद्यावर दुसरी पिढी उभी राहूं शकली. मांजरेच्या कांठच्या खेड्यांतील मुलाच्या पाठीशीं असा कोणी राजा नव्हता. त्यानें करावयाचें तेंच बिराजदारांनीं केलें. त्यांनीं कोल्हापूरची वाट धरली.

१९६९ सालीं महाराष्ट्र केसरीचें अधिवेशन लातुरास भरलें आणि एकोणीस वर्षांचा हा मुलगा महाराष्ट्र केसरी झाला. लगेच दुसऱ्या वर्षीं, १९७० च्या जुलैंत, स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या. त्या स्पर्धांत हिंदुस्थानला एकंदर पांच सुवर्णपदकें मिळालीं, आणि तीं पांचही कुस्तीचीं. वेदप्रकाश, सुदेशकुमार, उदयचंद आणि मुख्त्यारसिंग हे चार मल्ल उत्तरेकडचे, आणि पांचवा रामलिंग मुदगडचा. ज्या वयांत आमचीं मुलें बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाची फी भरावी कीं न भरावी या विवंचनेंत असतात, त्या वयांत या मुलानें सातासमुद्रांपलीकडे जाऊन राष्ट्राची मान उंच केली. पुढें त्यांना रुस्तुम-ए-हिंद हा किताब मिळाला. गुरु हनुमान यांच्या दिल्लीच्या आखाड्याचा सतपाल हा सत्तरच्या दशकांत महाराष्ट्राच्या मल्लांना भारी पडत असतां ज्या थोड्यांनीं त्याला हरविलें, त्यांत बिराजदार एक होते. खेळणें थांबल्यावर ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमींत शिकवीत राहिले. २००६ सालीं त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला, आणि सप्टेंबर २०११ मध्यें ते वारले.

आतां या चरित्रांतील एक बारीकशी गोष्ट पाहा. एडिंबरोच्या सुवर्णपदकांच्या ज्या इंग्रजी याद्या आजही सर्वत्र फिरतात, त्यांतील कित्येकांत या मल्लाचें नांव 'हरीश राजिंद्र' असें दिलेलें आहे. कोण्या कारकुनानें 'बिराजदार' ऐकून 'राजिंद्र' लिहिलें असेल, किंवा कागदावरचें पहिलें अक्षर त्याला लागलें नसेल. चूक परक्याची आहे, आणि परक्याच्या अशा चुकीचा राग धरण्यांत अर्थ नाहीं. राग यावा तो आपल्या माणसांचा. अर्धशतकाहून अधिक काळ लोटला तरी ती चूक तशीच फिरत राहिली आहे. आमच्या जिल्ह्यांत इंग्रजी शिकविणारे प्राध्यापक शेंकड्यांनीं आहेत. शेक्सपिअरच्या एका ओळीचे सहा पाठभेद ते वर्गांत सांगतील. आपल्याच जिल्ह्यांतील जगज्जेत्याच्या नांवाचा पाठभेद दुरुस्त करण्यासाठीं पत्र लिहिण्याचें त्यांतील किती जणांना सुचलें असेल? "राष्ट्रकुल म्हणजे जग नव्हे" असें कोणी काटेकोर गृहस्थ म्हणतील. मान्य आहे. 'जगज्जेता' हा शब्द मीं हौसेनें वापरला, तो हवा तर खोडून टाका. पण नांव तरी नीट लिहा.

मूळ मुद्द्याकडे येतों. एडिंबरोला बिराजदार कशावर लढले? मातीवर नव्हे. तेथें गादी होती. मुदगडच्या काळ्या मातीचा नाहीं, कीं ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मळलेल्या कोल्हापूरच्या तांबड्या मातीचा नाहीं, एक कणही त्या गादीवर नव्हता. ज्यांना दोहोंतील अंतर ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं चार शब्द सांगतों. सुशिक्षित कुटुंबांत हें सांगावें लागतें हीच मुळांत शोचनीय गोष्ट आहे. मातीच्या कुस्तींत दोन्ही खांदे जमिनीला लागले कीं निकाल झाला. तोंवर घटका गेली काय, दोन घटका गेल्या काय, मल्ल एकमेकांना चाचपीत राहिले तरी चालतें. खालीं गेलेला मल्ल पोटावर घट्ट पडून राहिला तर तो सुरक्षित असतो; वरचा त्याच्या मानेवर घिस्से मारीत बसतो आणि लोक कंटाळून शिट्ट्या वाजवूं लागतात. गादीवर हें कांहीं चालत नाहीं. आज तेथें तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात. प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर रेटलें तर गुण, पट काढून खालीं घेतलें तर गुण, आणि खालीं पोटावर पडलेल्याच्या कमरेला मिठी घालून भारंदाज लावला तर प्रत्येक लोळणीला गुण. दहा गुणांचें अंतर पडलें कीं कुस्ती तेथेंच संपते. मातीवर जो पवित्रा सावधपणाचा मानला जातो, तोच गादीवर मरणाचा ठरतो. दम निराळा, चाल निराळी, डोकें निराळें. मातींत वाढलेल्या मुलाला गादीवर जिंकण्यासाठीं आपल्या अंगांतील निम्म्या संवयी मोडाव्या लागतात. बिराजदारांनीं त्या मोडल्या आणि विसाव्या वर्षीं मोडल्या. त्यांचें खरें कर्तृत्व यांत आहे. मातीचा गुण म्हणून जो डांगोरा आपण पिटतों, तो त्यांनीं मातीवर मिळविलेल्या विजयाचा अपमान आहे, असें म्हटलें तरी फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

मातीचे कैवारी येथें मला अडवितील. ते म्हणतील कीं मान मातींतच मजबूत होते, पकड मातींतच येते, आणि खेड्याला परवडते तीही मातीच. या म्हणण्यांतील एकही गोष्ट मला अमान्य नाहीं. हौद खणून तो मळणें हें एका दिवसाच्या मेहनतीनें आणि गांवच्या वर्गणीनें होतें. गादीला लाखांच्या हिशेबानें पैसे पडतात. लहान मुलाची सुरुवात मातींत व्हावी हेंही ठीक. माझी तक्रार मातीविरुद्ध नाहींच. मातीला पुरेशी म्हणणाऱ्या माणसांविरुद्ध आहे. माती स्वस्त आहे म्हणून ती पवित्र ठरविणें, आणि पवित्र आहे म्हणून तिच्यापलीकडे एक पैसाही खर्च न करणें, हा जो व्यवहार आमच्याकडे चालतो त्याला भक्ति म्हणत नाहींत. खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकीस ब्राँझपदक मिळविलें, तें गादीवर मिळविलें. त्यानंतर महाराष्ट्राच्या मल्लाच्या गळ्यांत कुस्तीचें ऑलिंपिक पदक पडलेलें नाहीं. हरियाणानें मात्र मधल्या काळांत खेडोपाडीं गाद्या अंथरल्या आणि पदकें मिळविलीं. २०१६ सालीं रिओस ब्राँझपदक मिळविणारी साक्षी मलिक ही तर रोहतकची मुलगी. आमच्याकडे मुलींच्या महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा व्हावयास २०२३ साल उजाडलें, आणि तीही सांगलीस झाली. मराठवाड्यांतील किती आयांनीं त्या वेळीं आपल्या मुलीकडे वळून पाहिलें असेल तें देव जाणे.

मातीच्या गुणाची ही समजूत आमच्याकडेच आहे असें समजूं नये. काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या मधल्या डोंगरांत उत्तर ओसेटिया म्हणून रशियाचा एक लहानसा प्रदेश आहे. व्लादिकावकाझ हें त्याचें मुख्य शहर. लोकसंख्या सुमारें सात लक्ष. म्हणजे आमच्या एकट्या लातूर जिल्ह्याची २०११ च्या खानेसुमारींतील साडेचोवीस लक्षांची वस्ती त्याच्या तिपटीहून अधिक भरते. एवढ्याशा मुलखानें मुक्त कुस्तींत जें करून ठेवलें आहे तें वाचून मन थक्क होतें. सोस्लान आंदियेव यानें १९७६ सालीं माँट्रिअलला आणि १९८० सालीं मॉस्कोला सर्वांत वरच्या वजनाचें ऑलिंपिक सुवर्णपदक घेतलें. आर्सेन फादझायेव व माखारबेक खादार्त्सेव या दोघांनींही १९८८ सालीं सेऊलला आणि १९९२ सालीं बार्सिलोनाला, अशीं प्रत्येकीं दोन-दोन घेतलीं. यांपैकीं खादार्त्सेवची कारकीर्द तर अशी, कीं १९८६ ते १९९१ या सहा वर्षांत तो पांच वेळां जगज्जेता झाला, आणि १९९६ सालीं अटलांटास तिसऱ्या ऑलिंपिकच्या अंतिम लढतींत इराणच्या रसूल खादेमपुढें हरला तेव्हां कोठें त्याची घोडदौड थांबली.

अशा प्रदेशाविषयीं लोक काय म्हणत असतील तें वाचकांनीं ओळखलेंच असेल. डोंगराची हवा, बोकडाचें मांस, वीरांचें रक्त! थोडक्यांत, मातीचा गुण. परंतु हवा तर शेजारच्या दऱ्यांतही तीच आहे. खरी गोष्ट अशी कीं तेथें तालमींत शिरणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून गादी मिळते, शिकविणारा स्वतः मोठ्या स्पर्धा खेळलेला असतो, आणि रोजच्या सरावाला समोर उभा राहणारा जोडीदार आपल्याइतकाच किंवा आपल्याहून सरस असतो. ज्याला घरच्या तालमींत जिंकण्यासाठीं जीव पाखडावा लागतो, त्याला बाहेरचें जग तुलनेनें सोपें जातें. कोणी म्हणेल, ती सोव्हिएत सरकारच्या पैशाची करामत होती. असती तर ती सरकारबरोबरच संपावयास हवी होती. सोव्हिएत संघ १९९१ च्या डिसेंबरांत मोडला. फादझायेव आणि खादार्त्सेव बार्सिलोनाला गेले तेव्हां ज्या देशाच्या पोषाखांत ते वाढले होते तो देशच उरला नव्हता. तालमी मात्र मोडल्या नाहींत. २०१६ सालीं सोस्लान रामोनोव आणि २०२१ सालीं टोकियोस झाउरबेक सिदाकोव, असे दोन ओसेटियन मल्ल पुन्हां ऑलिंपिक विजेते झाले. त्या प्रदेशाचें सगळेंच गोमटें आहे असेंही नाहीं. आर्तुर तायमाझोव हा ओसेटियन मल्ल उझबेकिस्तानकडून खेळला; २००८ आणि २०१२ सालचीं त्याचीं सुवर्णपदकें निषिद्ध औषधें घेतल्याबद्दल पुढें काढून घेण्यांत आलीं. घरीं गर्दी इतकी, कीं तेथील मल्ल परक्या देशांचीं निशाणें छातीवर लावून फिरतात. आमच्या मल्लांना परक्या देशाचें निशाण लावावें लागत नाहीं हें खरें. ते पुण्याचें लावतात.

हें सर्व ऐकून लातूरकर म्हणतील कीं आम्हांला ही पद्धत कशी जमावी? मला या प्रश्नाचें मोठें नवल वाटतें, कारण जगांत हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला नसेल तर तो लातूरकरांना नाहीं. ज्याला सारा महाराष्ट्र 'लातूर पॅटर्न' म्हणून ओळखतो, तो दुसरा काय आहे? खेड्यांतील साधारण कुवतीचीं मुलें एका ठिकाणीं आणावयाचीं, शिक्षकानें घड्याळ न पाहतां त्यांच्यापाशीं बसावयाचें, तीच गोष्ट शंभर वेळां करून घ्यावयाची, दर आठवड्याला परीक्षा घ्यावयाची, आणि शेजारच्या बांकावर आपल्याइतकाच किंवा आपल्याहून हुशार मुलगा बसवून स्पर्धेची धग कायम ठेवावयाची. हीच ओसेटियाची तालीम. फरक इतकाच कीं तेथें गादीवर होतें तें आम्ही बांकावर केलें. एके काळीं बारावीच्या गुणवत्ता यादींत लातूरचीं नांवें पाहून पुण्या-मुंबईच्या लोकांनीं तोंडांत बोटें घातलीं. त्या वेळीं आम्हीं मातीचा गुण म्हटलें नाहीं. त्या वेळीं आम्हीं पद्धतीचा गुण म्हटला, प्राध्यापकांचा म्हटला, मुलांच्या कष्टांचा म्हटला. आणि तें बरोबरच होतें. मग मल्ल जिंकला कींच माती कोठून आठवते?

यांतील एक योगायोग तर इतका बोलका आहे कीं तो न सांगतां राहवत नाहीं. लातूर पॅटर्नचें माहेरघर म्हणून ज्या महाविद्यालयाचें नांव घेतात, त्याचें नांव राजर्षि शाहू महाविद्यालय. आणि तें स्थापन झालें १९७० सालीं, म्हणजे ज्या वर्षीं बिराजदारांनीं एडिंबरो जिंकलें त्याच वर्षीं. ज्या राजानें खासबाग बांधली, त्याचें नांव आम्हीं परीक्षेला दिलें आणि खासबाग कोल्हापुरास राहूं दिली. त्या महाविद्यालयाला मी नांवें ठेवीत नाहीं. त्यानें आपलें काम चोख केलें. पण शाहूमहाराजांच्या नांवाचीं दोन अंगें होतीं, आणि त्यांतील एकच आम्हीं उचललें. दुसरें अंग उचलण्यास कोणी बंदी केली होती काय?

बंदी नव्हती, पण भीति होती. आणि तिचा विचार प्रामाणिकपणें करावयास हवा. माझे एक सुशिक्षित स्नेही आहेत, मुलाचे हितचिंतक आणि वृत्तीनें अगदीं सज्जन. ते म्हणतात, "परीक्षेंत नापास झालेला मुलगा निदान कारकून होतो, कुस्तींत हरलेल्या मुलाचें काय होतें?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाहीं. मल्लाचा खुराक दूध, तूप आणि बदाम यांचा. तो दहा-बारा वर्षें चालवावा लागतो. आणि त्या दहा-बारा वर्षांत गुडघ्याची एक वाटी सरकली कीं सगळा डाव संपतो. आमच्या भागांत पावसानें डोळे वटारले म्हणजे गुरेंच विकावीं लागतात, तेथें दूध कोठून आणावें? २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातूरला पिण्याचें पाणी आणावें लागलें, हें कोणी विसरलें नसेल. पाणी ज्या मुलखांतून आलें तो कुस्तीचाही मुलूख आहे. आम्ही दोन्ही गोष्टी तिकडूनच आणतों. तेव्हां बापाची भीति खरी आहे. परंतु तिचें उत्तर 'मुलाला कुस्ती शिकवूं नका' असें होत नाहीं. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला बसणाऱ्या हजारोंपैकींही बहुतेक हरतातच. तरी त्यांच्यासाठीं आम्हीं वसतिगृहें बांधलीं, खानावळी काढल्या, शिकवण्या काढल्या, आणि हरलेल्यालाही दुसरी वाट राहील अशी तजवीज केली. मल्लासाठीं तेवढी तजवीज केली नाहीं, आणि मग मल्लाची वाट धोक्याची आहे म्हणून मान हालविली. रस्ता आपणच बांधावयाचा नाहीं, आणि मग तो कच्चा म्हणून त्याला नांवें ठेवावयाचीं, यांतला प्रकार आहे हा.

त्या न केलेल्या तजविजीचा हिशेब पाहावयाचा असेल तर बिराजदारांच्या शिष्यपरंपरेकडे पाहावें. काका पवार हे लातूर जिल्ह्याचेच. बिराजदारांच्या हाताखालीं ते तयार झाले, ग्रीको-रोमन कुस्तींत त्यांनीं नांव काढलें, १९९८ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. आज त्यांची तालीम पुण्यांत कात्रजच्या बाजूस आहे. राहुल आवारे हा बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचा. तोही पुण्यास बिराजदारांकडे आला आणि त्यांच्यामागें काका पवारांनीं त्याला सांभाळलें. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या निवडींत आपल्याला डावलल्याची तक्रार त्यानें उघडपणें केली; ती ऐकून घेण्यासाठीं जिल्ह्याजिल्ह्यांतून जो आवाज उठावयास हवा होता तो उठला नाहीं. तरी त्या मुलानें धीर सोडला नाहीं. २०१८ सालीं ऑस्ट्रेलियांतील गोल्ड कोस्टला त्यानें ५७ किलो वजनांत राष्ट्रकुलाचें सुवर्णपदक मिळविलें आणि तें दिवंगत गुरूला अर्पण केलें. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीं गुरूनें जें जिंकलें तेंच शिष्यानें जिंकावें, आणि तें पाहावयास गुरु हयात नसावा, हा प्रसंग कोण्या कादंबरीकारानें लिहिला असता तर आम्हीं त्याला भडक म्हटलें असतें. पुढल्या वर्षीं, २०१९ मध्यें, नूर-सुलतान येथें त्यानें जागतिक स्पर्धेंत ब्राँझपदक घेतलें, पण तें ६१ किलोंत. आणि तें वजन ऑलिंपिकांत धरलेलें नाहीं. आज तो पोलीस खात्यांत अधिकारी आहे, हें चांगलेंच झालें. परंतु सरकारची ही मदत पदक गळ्यांत पडल्यावरची आहे. गळा रिकामा असतां दूध कोणी पाजावयाचें, हा प्रश्न तसाच राहतो.

गुरु मराठवाड्याचा, शिष्य मराठवाड्याचा, प्रशिष्य मराठवाड्याचा. आणि तालीम तिन्ही वेळां पुण्याची. यांत पुण्याचा दोष नाहीं. पुण्यानें जागा दिली. बिराजदारांसारखा माणूस खेळ संपल्यावर आपल्या जिल्ह्यांत परत आला असता तर त्याला आम्ही काय देणार होतों? एक शाल, एक नारळ, आणि दरसालच्या यात्रेंत मानाची कुस्ती लावण्याचा मान. त्या माणसाला तर रोज पहाटे पन्नास मुलें हवीं होतीं.

यात्रेचा विषय निघालाच आहे तर तेंही सांगून टाकतों. आमच्या गांवोगांवच्या यात्रांत शेवटल्या दिवशीं कुस्त्यांचा फड भरतो. खोबऱ्याच्या वाटीवर चिमुरड्यांच्या कुस्त्या लागतात, मग नारळावर, मग शंभरावर, पांचशेंवर, आणि दिवस मावळतांना इनामाची मोठी कुस्ती. त्या वेळची हलगी, तो धुरळा, फेटे उडविणारे म्हातारे, झाडावर चढून बसलेलीं पोरें, हें सगळें मलाही प्रिय आहे. तें बंद व्हावें असें म्हणणारा मी अरसिक नव्हे. पण मोठ्या इनामाची कुस्ती लढणारे दोघे बहुधा बाहेरगांवचे असतात, पुष्कळदां ती बरोबरींत सुटते, आणि ती आधींच ठरलेली नूरा कुस्ती होती अशी कुजबूज करीत लोक घरीं जातात. एका रात्रींत जेवढी वर्गणी त्या दोघांच्या हातीं पडते, तेवढ्यांत गांवच्या दहा मुलांचें वर्षाचें दूध निघेल. हा हिशेब यात्रा-समितींतील कोणालाही कळत नाहीं असें नाहीं. कळतो, परंतु दहा मुलांना दूध पाजल्याचा फलक लागत नाहीं, आणि लाखाच्या इनामाचा लागतो.

सुशिक्षित वर्गाचा अपराध मात्र मला याहून मोठा वाटतो, कारण त्यानें यांत भागच घेतला नाहीं. हें मासिक ज्यांच्या घरीं जातें त्या कुटुंबांत कवींचीं चरित्रें आहेत, नटांचीं आहेत, गवयांचीं आहेत, क्रिकेटपटूंचीं तर ढिगानें आहेत. मल्लाचें चरित्र आहे काय? बिराजदारांचा सतपालशीं झालेला सामना ज्यांनीं पाहिला तीं माणसें आतां सत्तरीच्या पुढें गेलीं आहेत. कोणता पट निघाला, कोठें पकड सुटली, लोक काय ओरडले, हें त्यांच्या तोंडून आज लिहून घेतलें तरच राहील. संतांच्या ओव्यांतील एका शब्दासाठीं बाडें धुंडाळणाऱ्या आमच्या संशोधकांना निलंगा तालुक्यांतील एका म्हाताऱ्याच्या ओट्यावर दोन तास बसण्याची लाज कां वाटावी? कुस्ती ही अडाण्यांची विद्या, असें ज्यांच्या मनांत आहे त्यांनीं तसें उघड म्हणावें. मग वाद तरी घालतां येईल. सत्काराच्या मांडवांत मातीला नमस्कार करावयाचा आणि घरीं येऊन मुलाला तालमीच्या रस्त्यानें न जाण्याची ताकीद द्यावयाची, या दुटप्पीपणाशीं वाद घालतां येत नाहीं.

२०२० च्या जानेवारींत पुण्याजवळ बालेवाडीस महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. एका बाजूस नाशिक जिल्ह्याचा हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूस आमच्या लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचेच शिष्य, रोज एकमेकांशीं झुंजणारे. म्हणजे दोघेही बिराजदारांचे नातशिष्य. सदगीर तीन विरुद्ध दोन गुणांनीं जिंकला. एका गुणानें हुकलेली ती गदा लातुरास आली असती तर मातीचीं केवढीं भाषणें झालीं असतीं! ती हुकली म्हणून मातीलाही कोणी जाब विचारला नाहीं.

मागणें फार मोठें नाहीं. शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या ठिकाणीं एक गादी, आणि ती राखणारा, पगार घेणारा, स्पर्धा खेळलेला एक वस्ताद. मुलांच्या शाळेची वेळ सांभाळून सकाळ-संध्याकाळ दोन तास. स्पर्धेची गादी बारा मीटर लांब आणि बारा मीटर रुंद असते. एवढी जागा कोठें आहे असें विचारणाऱ्यांनीं गांवांतील मंगल कार्यालयें मोजून पाहावींत; चातुर्मासांत तीं रिकामींच असतात.